एफवायबीएला ॲडमिशन घेतलीय? मग १३२ क्रेडिट कसे भरायचे ते आत्ताच समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की घराघरात एकच विषय, कटऑफ किती, कितव्या यादीत नाव, चर्नी रोड परवडेल की माटुंगाच बरं. एकदा फी भरली की सगळे सुटलो म्हणतात आणि डिग्री नेमकी कशाकशाने पूर्ण होते हे वाचायला कोणी बसतच नाही. पास होत गेलं की तीन वर्षांनी आपोआप बीए होतं अशी समजूत असते, आणि आईवडिलांच्या वेळी ते बऱ्याच अंशी खरंही होतं, टीवायला एका विषयाचे सहा पेपर दिले की झालं. पण नवीन शैक्षणिक धोरण आलं, राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत ते २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं, आणि तेव्हापासून बीए म्हणजे वेगवेगळ्या कप्प्यांची डिग्री झालीय. एकूण क्रेडिट कितीही दिसू देत, एक कप्पा दोन क्रेडिटने रिकामा राहिला तरी डिग्री अडते. आमच्या भागातली बरीच मुलं फॉर्म भरताना माझ्याकडे येतात आणि प्रत्येकाला हेच सांगावं लागतं, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितेय.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते बघू. हा तासांचा हिशोब आहे. लेक्चरचा विषय असेल तर १ क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलचा असेल तर ३० तास. म्हणजे ४ क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे सेमिस्टरभरात ६० तास वर्गात. मुंबई विद्यापीठात एका सेमिस्टरला २२ क्रेडिट असतात, वर्षाला ४४, तीन वर्षांत १३२, आणि चौथं वर्ष केलंत तर १७६.

पहिलं काम: स्ट्रक्चर मिळवा

ॲडमिशन झाल्याच्या पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी हातात पाहिजेत. एक, तुमच्या बॅचचं क्रेडिट स्ट्रक्चर, म्हणजे कुठल्या सेमिस्टरला कुठल्या कप्प्याचे किती क्रेडिट हा तक्ता. दोन, तुमच्या मेजरचा म्हणजे मुख्य विषयाचा सिलॅबस. दोन्ही कॉलेजच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असतात, नसतील तर विभागात जाऊन मागा. रुईया, झेवियर्स, मिठीबाई, जयहिंद ही स्वायत्त कॉलेजं आहेत, त्यांचा सिलॅबस त्यांचा ते ठरवतात, त्यामुळे शेजारच्या कॉलेजातल्या मैत्रिणीची पीडीएफ तुमच्या कामाची नाही. सीनियरची पण नाही, कारण बॅचप्रमाणे बदल होतात. पीडीएफच्या वर शैक्षणिक वर्ष लिहिलेलं असतं, ते तुमच्या ॲडमिशनच्या वर्षाशी जुळतंय का एवढं बघा. कंटाळवाणं काम आहे हे कबूल, पण प्रिंट काढा आणि एकदा तरी पूर्ण वाचा, कारण पासिंगचे नियम, इंटर्नलचे मार्क, केटीचे म्हणजे नापास होऊन राहिलेल्या पेपरचे नियम हे सगळं त्याच पीडीएफच्या शेवटच्या पानांवर असतं आणि तिथपर्यंत कोणी जातच नाही.

कप्पे कुठले आणि कुणाला किती

राज्य सरकारने २०२३ मध्ये जो साचा दिला त्यात तीन वर्षांच्या १३२ क्रेडिटची वाटणी साधारण अशी बसते. मेजरला ५६, त्यातले ४८ सक्तीचे आणि ८ मेजरमधल्याच इलेक्टिव्हचे. मायनरला म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाला १८. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्हला १२. व्हीएससी आणि एसईसी या स्किलच्या दोघांना मिळून १४. भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली म्हणजे एईसी, व्हीईसी, आयकेएस यांना मिळून १४, त्यात भाषेचे ८, व्हीईसीचे ४, आयकेएसचे २. आणि राहिलेले १८ वर्गाबाहेरचे, सीसी म्हणजे को-करिक्युलरचे ८, फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट (एफपी-सीईपी) यांचे ६, ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगचे ४. बेरीज करून बघा, बरोबर १३२ येते. तुमच्या कॉलेजात एखाद्या सेमिस्टरला एखादा पेपर पुढे-मागे झालेला असेल, त्याने घाबरू नका, पण प्रत्येक कप्प्याची बेरीज तुमच्या स्ट्रक्चरशी जुळलीच पाहिजे.

आता हे वाचून पोरं म्हणतात की मॅडम मला इतिहास शिकायचाय, हे बाकीचं कशाला. तर मेजरचे ५६ म्हणजे निम्म्याहूनही कमी झाले ना, बाकीचं सगळं रुंदीसाठी आहे. एक विषय खोल शिकायचा आणि त्याच्या बाजूने भाषा, हिशोब, समाज, काम यांचीही ओळख ठेवायची ही कल्पना, परदेशात ज्याला लिबरल आर्ट्स किंवा लिबरल स्टडीज म्हणतात ती हीच. पार्ल्याला एनएमआयएमएसमध्ये लिबरल आर्ट्स नावाची डिग्रीच आहे, पण तिथली फी प्रत्येकाला झेपणारी नाही, आणि साधं बीए नीट आखून केलं तर त्यातला बराचसा लाभ आपल्या कॉलेजातच मिळतो असं माझं ठाम मत आहे. आखून केलं तर, एवढीच अट आहे.

मेजर-मायनर ठरवताना

इथे घाई करू नका. मेजर बहुतेकांचं ठरलेलं असतं, मायनर मात्र लोक वेळापत्रक बघून घेतात, कुठल्या विषयाचं लेक्चर सकाळी साडेसातला नाही, मैत्रीण कुठे जातेय, कुठले सर मार्क सढळ देतात. अहो १८ क्रेडिट आहेत ते, आणि तुमच्या मार्कशीटवर कायमचे राहणार आहेत. मायनर तुमच्या शाखेतलाच दुसरा विषय असू शकतो किंवा कॉलेज देत असेल तर दुसऱ्या शाखेतलासुद्धा, आणि तो तीन वर्षांतच पूर्ण करायचा असतो.

मी विचारते की तीन वर्षांनंतर काय करायचं डोक्यात आहे, नसेल ठरलं तरी चालेल, पण दोन शक्यता तरी सांगा. एमपीएससी-यूपीएससी डोक्यात असेल तर इतिहास मेजर आणि राज्यशास्त्र मायनर ही जोडी अभ्यासाला उपयोगी पडते, कारण राज्यघटना आणि आधुनिक भारत दोन्हीकडे येतं. अर्थशास्त्रात एमए करायचं असेल तर मायनरला गणित किंवा संख्याशास्त्र मिळतंय का ते आधी विचारा, पुढे गणिताशिवाय फार अडतं. मानसशास्त्र घेणाऱ्यांची आजकाल रांग असते, सीट कमी आणि मुलं जास्त, तर मेजरला नाही मिळालं तर रडत बसण्यापेक्षा समाजशास्त्र मेजर आणि मानसशास्त्र मायनर असा विचार करून बघा, समाजकार्याकडे जायचं असेल तर ती जोडी चांगलीच आहे. मराठी मेजर घेणाऱ्यांना घरातून फार बोलणी बसतात, पण भाषांतर, प्रकाशन, मालिकांचं लेखन, सबटायटल्स हे सगळं काम याच शहरात चालतं, आणि सोबत मायनरला इंग्रजी किंवा माध्यमांचा विषय असेल तर हातात दोन गोष्टी राहतात. बीएड करून शाळेत शिकवायचं असेल तर शाळेत प्रत्यक्ष शिकवला जाणारा विषय मेजर-मायनरपैकी एकात असलेला बरा.

आणि पहिल्या वर्षात लक्षात आलं की मेजर चुकलं, तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच विद्याशाखेत मेजर बदलायची सोय आहे. फक्त ती आपोआप होत नाही, अर्ज द्यावा लागतो, जागा असावी लागते, म्हणून दुसरं सेमिस्टर संपायच्या आधी ऑफिसमध्ये चौकशी करा, एसवायचा फॉर्म भरून झाल्यावर नाही.

ओई बद्दल एक नियम पक्का डोक्यात ठेवा, तो तुमच्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. म्हणजे आर्ट्सच्या मुलीने कॉमर्स किंवा सायन्सच्या यादीतलं घ्यायचं. १२ क्रेडिट आहेत, पहिल्या दोन सेमिस्टरला जास्त आणि मग एसवायला थोडे. माझं म्हणणं, यातला किमान एक पेपर पैशांशी संबंधित घ्या, बँकिंग, वैयक्तिक गुंतवणूक, हिशोब, कॉलेजात जे असेल ते. बीए झालेल्या मुलांना पहिल्या पगाराची स्लिप वाचता येत नाही, पीएफ कुठे कापला ते कळत नाही, हे बघून वाईट वाटतं. एक पेपर कॉम्प्युटर किंवा डेटाचा घ्या. उरलेले आवडीने घ्या.

बाकीचे छोटे कप्पे पटकन सांगते. व्हीएससी तुमच्या मेजरला धरून असतं, एसईसी नोकरीला उपयोगी असं काहीतरी. एईसीमध्ये इंग्रजी आणि मराठी किंवा हिंदी अशा भाषा येतात. व्हीईसीमध्ये पर्यावरण, संविधान असे विषय. आयकेएस एकच पेपर. हे सगळे बहुतेक २-२ क्रेडिटचे, त्यामुळे मुलं हलक्यात घेतात, आणि जास्त केटी मी इथेच बघितल्यात, मेजरमध्ये ७० टक्के आणि पर्यावरणात नापास.

सीसीचे ८ क्रेडिट म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक, योग वगैरे. यात माझी शिफारस एनएसएस. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, मुंबईची पोरं पहिल्यांदा गावात राहतात, विहिरीवर जातात, शाळेच्या वर्गात झोपतात, बंधारे बांधतात, आणि येताना माणसं ओळखायला शिकून येतात. ज्यांना रोज चारनंतर नोकरी किंवा घरचं काम आहे त्यांनी मात्र आधी वेळापत्रक विचारून घ्या, कारण तासांची नोंद झाली नाही तर क्रेडिट मिळत नाहीत.

फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि सगळ्यात जास्त वाया घालवला जातो तोसुद्धा हाच. शेवटच्या आठवड्यात नेटवरून वीस पानं उतरवायची, स्पायरल बाइंडिंग करायचं आणि टेबलावर ठेवायचं. तुम्ही मुंबईत राहता हो. २ क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट म्हणजे साधारण ६० तासांचं काम, आणि या शहरात ६० तासांत काय काय बघता येतं.

विषय घराजवळचा निवडा, लोकलने दीड तास जाऊन यायचं असेल तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. कुलाब्याला राहणारी असेल तर ससून डॉक आहे, १८७५ पासूनची गोदी, पहाटे मासळीचा लिलाव कसा होतो, लिलावात बायकांचा वाटा किती, बर्फवाले कुठून येतात, तिथेच इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र तिन्हींचे प्रश्न मिळतात. लालबाग-परळचा असेल तर १९८२ च्या गिरणी संपातले कामगार किंवा त्यांची मुलं अजून आजूबाजूला आहेत, आजोबांशी बोलून रेकॉर्ड करून ठेवलं तर तो प्रोजेक्ट पुढे कोणालाही उपयोगी पडेल. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं, भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार. अशा ठिकाणी जाताना कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र सोबत न्या.

प्रोजेक्ट करताना एक साधी नोंदवही ठेवा. पानाला पाच रकाने पाडा: तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, कुठे, कोणाशी बोललो, काय कळलं. शेवटी गाइडच्या सहीला जागा. उदाहरण म्हणून एका मुलीच्या वहीतली एक ओळ सांगते, सकाळी ५.१० ते ७.४०, ससून डॉक, दोन कोळणी आणि एक बर्फवाला, कोळंबीचा भाव टोपलीवर ठरतो, वजनावर नाही. एवढंच. अशा वीस-पंचवीस ओळी झाल्या की रिपोर्ट लिहायला काहीच त्रास होत नाही, तास पण सिद्ध होतात, आणि तोंडी परीक्षेत कोणी काही विचारलं तर बोलायला स्वतःचं काहीतरी असतं. लोकांचे फोटो काढताना, आवाज रेकॉर्ड करताना विचारून घ्या, आणि नावं छापायची की नाही हेही विचारा.

ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, ४ क्रेडिट, साधारण १२० तास, तीन वर्षांच्या डिग्रीत सहाव्या सेमिस्टरला येतं. पण शोधाशोध पाचव्या सेमिस्टरच्या दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करा. प्रकाशन संस्था, वर्तमानपत्राचं ऑफिस, वस्तीत काम करणारी संस्था, संग्रहालय, बँक, वकिलांचं ऑफिस, कुठेही चालतं, फक्त कॉलेजची आधी मंजुरी पाहिजे. काका-मामाच्या दुकानाचं खोटं पत्र आणू नका. नैतिकता बाजूला ठेवली तरी, त्या १२० तासांतून जी ओळख आणि जे काम हाताला लागतं ते पुढच्या नोकरीसाठी पहिलं पाऊल असतं, ते फुकट घालवण्यासारखं नाही. संपताना संस्थेकडून लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, एकूण तास आणि कामाचं स्वरूप हे चारही स्पष्ट पाहिजे. नुसतं मुलगी मेहनती आहे असं लिहिलेलं पत्र क्रेडिटसाठी कामाचं नाही.

स्वतःचा तक्ता ठेवा

मोबाइलमधल्या एक्सेलमध्ये ठेवा नाहीतर दोनशे पानी वहीत, पण ठेवा. उभे रकाने कप्प्यांचे, मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, एफपी-सीईपी, ओजेटी. आडव्या ओळी सहा सेमिस्टरच्या. शेवटच्या ओळीत स्ट्रक्चरमधले लागणारे क्रेडिट लाल पेनने. दर निकालानंतर मार्कशीट समोर ठेवायची आणि फक्त मिळालेले क्रेडिट भरायचे, जो पेपर राहिला तिथे शून्य. बस. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठे भोक पडलंय ते लगेच दिसतं.

ग्रेड कशी निघते तेही एकदा हाताने करून बघा म्हणजे कुठे जोर लावायचा ते कळेल. ९० च्या वर ओ म्हणजे १० पॉइंट, ८० ते ९० ए प्लस म्हणजे ९, ७० ते ८० ए म्हणजे ८, ६० ते ७० बी प्लस म्हणजे ७. प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणिले पॉइंट करायचे, सगळ्यांची बेरीज, आणि भागिले २२. समजा पहिल्या सेमिस्टरला मेजरच्या ४ क्रेडिटच्या पेपरला ८ आणि २ क्रेडिटच्या पेपरला ९, म्हणजे ३२ आणि १८. मग २-२ क्रेडिटचे आठ पेपर, त्यात ओईला ७ आणि ८, व्हीएससी ९, एसईसी ८, एईसी ७, व्हीईसी ९, आयकेएस ८, सीसी १०, यांचे होतात १३२. एकूण १८२, भागिले २२, एसजीपीए म्हणजे त्या सेमिस्टरची सरासरी ८.२७. आता ४ क्रेडिटच्या पेपरला एक ग्रेड घसरली तर ८.०९ होतो, २ क्रेडिटच्या कुठल्याही पेपरला एक ग्रेड घसरली तर ८.१८. म्हणजे मोठ्या पेपरचं वजन दुप्पट, हे खरं, पण छोटे पेपर नऊ आहेत, सगळ्यात एकेक ग्रेड घसरली तर मोठ्या पेपरने किती भरून काढणार.

बहुतेक ४ क्रेडिटचे पेपर १०० मार्कांचे, त्यात ६० सेमिस्टर एंडचे आणि ४० इंटर्नलचे, २ क्रेडिटचे ५० चे, त्यात ३० आणि २०. इंटर्नल म्हणजे असाइनमेंट, प्रेझेंटेशन, वर्गातली टेस्ट, हे मार्क तुमच्या हातातले असतात, ते सोडू नका. आजारी पडलात तर सर्टिफिकेट त्याच आठवड्यात द्या, निकालाच्या आदल्या दिवशी नाही. हजेरी ७५ टक्के लागते. डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर पालकांना घेऊन धावपळ करण्यापेक्षा महिन्याच्या शेवटी स्वतःची हजेरी स्वतः मोजा. जे पार्ट टाइम काम करतात त्यांनी सेमिस्टर सुरू होतानाच विभागप्रमुखांना सांगून ठेवावं, शिक्षकही माणसंच असतात, आधी सांगितलं तर मार्ग निघतो.

एबीसी आयडी आणि नावाचा घोळ

तुमचे क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, ही सोय २०२१ पासून आहे, आणि त्याचा आयडी डिजिलॉकरमधून आधारवर निघतो. आयडी काढणं सोपं, घोळ नावाचा असतो. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव असतं, आधारवर आधी स्वतःचं नाव आणि आडनाव शेवटी, बारावीच्या मार्कशीटवर एखादं अक्षर वेगळं. मग निकाल लागतो पण क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलीचे दोन सेमिस्टरचे क्रेडिट असे दिसत नव्हते, कॉलेजचं ऑफिस एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत पाठवत राहिलं, शेवटी आधारवरचं स्पेलिंग दुरुस्त केल्यावर सुटलं. तर एफवायलाच आधार, बारावीची मार्कशीट आणि कॉलेजच्या रेकॉर्डमधलं नाव तिन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं धरले जातात, हेही लक्षात असू द्या.

स्वयम पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्सचे क्रेडिटही डिग्रीत धरता येतात, यूजीसीने २०२१ मध्ये एका सेमिस्टरला ४० टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे. चांगली सोय आहे, विशेषतः जे विषय आपल्या कॉलेजात नाहीत त्यांच्यासाठी. पण आधी कॉलेजकडून लेखी घ्या की हा कोर्स माझ्या कुठल्या पेपरऐवजी धरणार. कोर्स आधी करून मग विचारलं तर हातात नुसतं सर्टिफिकेट राहतं.

मध्येच सोडावं लागलं तर, आणि चौथं वर्ष

घरची परिस्थिती बदलते, कोणाचं लग्न होतं, कोणाचे वडील आजारी पडतात. आता एक वर्ष पूर्ण करून थांबलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा मिळू शकतो, मात्र त्यासाठी वर्षाच्या क्रेडिटशिवाय ४ क्रेडिटचा स्किल कोर्स किंवा इंटर्नशिप जादा करावी लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत डिग्री पूर्ण करायची असते. म्हणून सोडायचंच असेल तर नुसतं जाणं बंद करू नका, ऑफिसमध्ये रीतसर एक्झिटचा अर्ज करा. विशेषतः मुलींच्या घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे की एवढा एक अर्ज तरी करू द्या, परतीचा रस्ता उघडा राहतो.

तीन वर्षांची डिग्री पूर्ण डिग्रीच आहे, एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षा, दोन वर्षांचं एमए, सगळ्याला चालते. चौथं वर्ष सगळ्यांनी करायलाच हवं असं नाही. संशोधनाकडे जायचं असेल, किंवा परदेशी जायचं असेल तर विचार करा. ऑनर्स विथ रिसर्चसाठी पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, त्यात १२ क्रेडिटचं संशोधन असतं. चार वर्षांच्या डिग्रीनंतर एमए एका वर्षाचं होऊ शकतं, आणि चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असतील तर पीएचडीसाठीही थेट पात्र होता येतं, राखीव प्रवर्गांना यात ५ टक्के सवलत आहे.

अमेरिकेला जायचा विचार असणाऱ्यांसाठी थोडं. तिकडे बॅचलर्स चार वर्षांचं असल्याने बऱ्याच विद्यापीठांत मास्टर्सला आपली तीन वर्षं कमी धरली जातात. आणि तिकडचं बॅचलर्स करायचं असेल तरी मोजणी अशीच आहे. उदाहरणार्थ कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत डिग्रीला किमान १२० युनिट लागतात, त्यातले ४० वरच्या पातळीचे, ३० त्याच कॅम्पसवर केलेले, आणि जीपीए निदान २.०. तिथे लिबरल स्टडीज नावाचा मेजर आहे तो मुख्यतः प्राथमिक शाळेत शिकवायचं असणारे घेतात, नाव बघून फसू नका, कोर्सची यादी वाचा.

टीवायच्या शेवटी

सहाव्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म भरायच्या आधी तुमचा तक्ता आणि सगळ्या मार्कशीट घेऊन विभागात जा आणि कोणातरी जबाबदार माणसाकडून बघून घ्या. मेजरचे इलेक्टिव्ह मोजले का, मायनर १८ झाले का, एखादा ओई चुकून स्वतःच्याच शाखेतला तर नाही ना, सीसीच्या चारही सेमिस्टरचे मार्क चढलेत का, ओजेटीचं पत्र जमा झालं का, जुन्या केटीचा पास झालेला निकाल मार्कशीटवर आला का. केटी असेल तर तिचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्याची तारीख रेग्युलर फॉर्मच्या आसपासच असते, नोटीस बोर्डावर रोज नजर ठेवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका.

दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या बोर्डातून आलेल्यांचं एलिजिबिलिटीचं काम पूर्ण झालंय का तेही विचारा, कधी कधी तीन वर्षं होतात आणि शेवटी निकाल त्यासाठीच राखून ठेवलेला असतो. हॉल तिकिटावरचं नाव, आईचं नाव, विषयांचे कोड तपासा, चूक असेल तर परीक्षेआधीच ऑफिसमध्ये अर्ज द्या आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोचचा शिक्का घ्या. निकालानंतर पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षांत समारंभाचं वेळापत्रक बघा, पुढे शिकायला किंवा बाहेर जायचं असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी लगेच अर्ज करा, त्याला वेळ लागतो आणि ॲडमिशनच्या हंगामात कलिनाला परीक्षा भवनात गर्दीही फार असते. सहाही मार्कशीटचे दोन्ही बाजूंचे स्कॅन ईमेलमध्ये ठेवा, आणि मूळ मार्कशीट कोणालाही देताना, नोकरीच्या ठिकाणीसुद्धा, हातात पावती घेतल्याशिवाय देऊ नका.